माया

केटरिंगच्या त्या कंपनीत मी पत्रं उघडायचे.
साल सत्त्याऐंशी. वरच्या मजल्यावर कम्प्यूटर जोडायचे,
खाली मी, एक रुसका हीटर,
आणि रोज सकाळी गोणीभर टपाल.

मागणं एकच, अक्षरं वेगळी:
मेमरी पुरत नाही.
जास्तीची विकत द्या, पैसे मोजतो.
यंत्र गुणी आहे हो, टाकवत नाही.

रशडेनच्या विनिफ्रेड लवेलबाई
चर्चमधल्या दफनाच्या वह्या उतरवून घेत होत्या.
"सतराशे ब्याण्णवपर्यंत आले.
पुढचे मेलेले तुमच्या यंत्रात मावत नाहीत."
हे पत्र मी दोनदा वाचलं.
उत्तर छापीलच गेलं:
आमचं नवं मॉडेल ऑक्टोबरात येत आहे.
खाली सही, एस. खांबेटे.
त्यांनी उलट टपाली विचारलं,
"मिस्टर खांबेटे, आणि जुन्या मेलेल्यांचं काय करू?"

मार्चमधल्या एका शनिवारी माणसंच आली.
तेवीस जण. यंत्रं घोंगडीत गुंडाळलेली,
एक बाबागाडीत, पट्टा लावून बसवलेलं.
घोषणा नाही, फलक नाही.
इथला मोर्चा म्हणजे रांग.
दारातून निघून सायकलींच्या छपराला वळसा घालून
पार रस्त्यापर्यंत, आणि कुणीतरी
शेवटचं कोण, हेही विचारत होतं.

साहेब, म्हणजे ग्रेव्हिल, चहा पाजून परत धाडायच्या बेतात होते.
तेवढ्यात विल्फ टेबटनं बूट काढला
आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. कागदांवरच.
चाळीस वर्षं बुटांच्या कारखान्यात चामडं कापलेला माणूस.
"हा चौथा तळवा. वरचं चामडं पंचावन्न सालचं.
तळवा झिजला की आम्ही तळवा बदलतो.
तुम्ही म्हणता, नवा पाय घ्या."

"उघडलंत तर वॉरंटी जाईल," साहेब म्हणाले.
"तिचं वय झालंय," विल्फ म्हणाला,
आणि खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

झाकण निघालं.
मीही तेव्हाच पहिल्यांदा आत पाहिलं,
तीन वर्षं त्या यंत्राच्या वतीनं माफी मागून.
हिरव्या पाटीवर काळ्या चिपा, दाटीवाटीनं,
आणि कडेला आठ सॉकेट.
रिकामे. ओळीनं. वाट बघत असल्यासारखे.

सगळ्यांनी नॉर्मन ऑलिबोनकडे पाहिलं.
पाटी त्यानं आखलेली. बोलायचा कमी.
कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या.
"नको म्हणाले होते," तो म्हणाला.
"पण पुसायचं जिवावर आलं."

माझी आई सांगलीला झंपर शिवायची.
आतल्या शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं सोडायची.
पोरगी वाढेल, बाई भरेल,
तेव्हा टाके उसवायचे, अंग सैल करायचं,
झंपर तोच.
गिऱ्हाइकाला ते दिसत नाही. कापड मात्र जास्त लागतं,
म्हणून बाजारचे शिंपी ते छाटून टाकतात.
त्या जास्तीच्या कापडाला आम्ही माया म्हणतो.

हे मला तिथे सांगायचं होतं.
त्यांच्या भाषेत त्याला अलाउन्स म्हणतात,
जणू साहेबानं मंजूर केलेला भत्ता.
मी नुसतंच बोट दाखवलं त्या आठ जागांकडे
आणि म्हणाले, "हे त्यांचंच आहे."
साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं
की हीटरच बोलला असावा.

जूनमध्ये चिपा विकायला काढल्या.
साडेएकोणीस पौंड, टपालखर्च वेगळा.
किमतीवरून पुन्हा गोणीभर पत्रं आली, ते सोडा.
विल्फचा बूट मात्र त्या दिवशी टेबलावरून उचलताना
साहेबांनीच त्याच्या हातात दिला,
आणि त्याआधी, मी पाहिलं, उलटा करून तळवा बघितला.

ऑगस्टात लवेलबाईंचं कार्ड आलं.
उत्तर या वेळी मी हातानं लिहिलं,
सहीत नाव पूर्ण घातलं, सुशीला.
कार्डावर एवढंच होतं:
"अठराशे एकोणचाळीसला पोचले.
गोवराचं साल. मुलंच मुलं.
सगळी मावली."